९६००-८-नन-१ म्हणजे काय रे भाऊ?

लॅबमधला डिजिटल तराजू किंवा मल्टीमीटर कॉम्प्युटरला जोडायचा तर आधी त्याच्या सेटअप मेनूत शिरावं लागतं. बॉड रेट, डेटा बिट्स, पॅरिटी, स्टॉप बिट्स. मॅन्युअल बघून ९६००, ८, नन, १ टाकायचं आणि पुढे सरकायचं, हा आपला सर्वमान्य रिवाज. पण मंडळी, गंमत अशी की यातला एकही प्रश्न मुळात मोजमापाच्या उपकरणासाठी नव्हताच. हा सगळा वारसा तारखात्याकडून आलाय!

बॉड हे नाव एमिल बोदो या फ्रेंच तार-इंजिनिअरचं. १८७० च्या दशकात त्याने अक्षरामागे पाच बिट्सचा कोड आणला. पुढे टेलिप्रिंटर आले. दोन टोकांच्या यंत्रांना एकच घड्याळ दाखवणारी वेगळी तार नव्हती. म्हणून अक्षराआधी 'सुरू कर' सांगणारा स्टार्ट बिट, आणि नंतर यंत्राला थांबायला उसंत देणारा स्टॉप बिट. १९६३ च्या टेलिटाइप मॉडेल ३३ ला तर दोन स्टॉप बिट्स लागायचे. अक्षरामागे एकूण ११ बिट्स, वेग ११० बॉड, म्हणजे सेकंदाला बरोब्बर १० अक्षरं.

१९६० साली अमेरिकेत आरएस-२३२ हे स्टँडर्ड आलं, तेही टर्मिनल आणि मोडेम जोडायला. पोर्ट स्वस्त आणि सगळीकडे उपलब्ध, मग प्रिंटर, तराजू, मीटर सगळ्यांनी तोच उचलला. पण त्या स्टँडर्डमध्ये भूमिका दोनच. मीटर हा टर्मिनल की मोडेम? ज्या त्या कंपनीने आपापलं ठरवलं. दोन्हीकडे टर्मिनलच निघालं, की दोघेही एकाच तारेवर बोलणार आणि दुसरीवर कान लावून बसणार! २ आणि ३ नंबरच्या पिना उलटसुलट जोडणारी नल मोडेम केबल त्यासाठीच लागते.

खास उपकरणांसाठी एचपीने वेगळा बस बनवला होता. १९७५ साली तो आयईईई-४८८ झाला. त्यात बॉड रेट विचारतच नाहीत, फक्त ० ते ३० मधला पत्ता द्यायचा. हँडशेकच्या तीन तारांमुळे वेगवान उपकरण आपोआप सगळ्यात हळू उपकरणासाठी थांबतं. डोकं लावून केलेलं काम, पण कार्ड आणि केबल महाग. त्यामुळे साध्यासुध्या उपकरणांवर आरएस-२३२ च राहिला. १९९६ साली यूएसबी आलं, तरी बऱ्याच उपकरणांत आत सिरियल चिप असतेच, आणि विंडोज आपलं 'कॉम ३' दाखवतं.

हा इतिहास माहीत असला की अडलेलं पोर्ट सोडवणं सोपं जातं. स्क्रीनवर कचरा अक्षरं आली तर आधी बोदोकडे बघा: वेग, बिट्स, पॅरिटी दोन्हीकडे सारखे आहेत का? काहीच आलं नाही तर १९६० कडे बघा: दोन्ही टोकं टर्मिनल तर नाहीत ना?

उपकरणाला दोष देण्याआधी एवढं करून बघाच. :-)