बैलजोडी, हत्ती आणि पडद्याआडच्या पेट्या

बिहारमधलं एक गाव, १९५० सालातली एक दुपार. तुमच्या काखेत मतदार नोंदणीची जाड वही, चपला धुळीने पांढऱ्या पडलेल्या. घरमालकाने ओसरीवर खाट टाकून दिली आहे, पाणीही पुढे केलं आहे. स्वतःचं, भावाचं, दोन मुलग्यांचं अशी नावं तो धडाधड सांगतो. मग दाराआड पदर ओढून बसलेल्या बाईचं नाव तुम्ही विचारता आणि बोलणं खुंटतं.

“लिहा, थोरल्याची आई.”

“ते झालं. पण त्यांचं स्वतःचं नाव?”

तुम्ही तिच्या अंगावरचे दागिने मागितलेत, अशा नजरेने तो तुमच्याकडे बघतो. आपल्याकडे नवऱ्याचं नाव घ्यायला बाईला उखाणा लागायचा. इथे तिचं स्वतःचंच नाव परक्या पुरुषासमोर निघत नाही. ऊन उतरायला लागलंय, अर्धी वस्ती अजून बाकी आहे. तुम्ही अमक्याची आई, तमक्याची बायको असं लिहून मोकळे होता.

अशा ओळींचा ढीग दिल्लीत सुकुमार सेन यांच्यासमोर येतो. गणित शिकलेले, आयसीएस अधिकारी, मार्च १९५० पासून देशाचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त. त्यांचं म्हणणं सरळ आहे: नाव नाही तर मतदारही नाही. थोरल्याची आई म्हणून उद्या कोणीही येऊन उभी राहिली, तर तिला हटकायचं कशाच्या आधारावर? काही ठिकाणी नावं मिळवायला मुदत वाढवून दिली जाते. तरीही जवळपास आठ कोटी स्त्री-मतदारांपैकी सुमारे २८ लाख यादीतून गळतात. त्यांतल्या बहुतेक बिहार, उत्तर प्रदेश, मध्य भारत, राजस्थान आणि विंध्य प्रदेशातल्या.

सेन यांचा निर्णय मला पटतो. बोगस मतदान रोखायचं तर यादी चोख हवीच. खटकतं ते वेगळंच. नाव दडवलं घरच्यांनी, घाई केली वही घेऊन आलेल्या तुम्ही, आणि मत गेलं दाराआडच्या बाईचं. मतदार याद्यांची साफसफाई चाललीय असं आजही कानावर आलं, की मला आधी त्या खाटेवर बसलेल्या माणसाची आठवण होते.

आता जानेवारी १९५२, परळ, पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीचं मतदान. तुम्ही गिरणी कामगार. वयाची एकवीस वर्षं पूर्ण, म्हणजे मताचा हक्क आहे. शाळेचं तोंड मात्र पाहिलेलं नाही. त्याची फिकीर नको. देशात शंभरातल्या ऐंशीहून जास्त लोकांना वाचता येत नाही, हे धरूनच सगळी मांडणी केली आहे.

कारकून यादीतलं तुमचं नाव मोठ्याने वाचतो. बाकावरचे पक्षांचे एजंट मान वर करून तुमच्याकडे बघतात आणि आपापल्या कागदावर खूण करतात. डाव्या तर्जनीवर शाई लागते. “पुसू नका, वाळू द्या.” मग हातात पत्रिका पडते: नाशिकच्या सिक्युरिटी प्रेसमध्ये छापलेली, एक रुपयाच्या नोटेएवढी. तिच्यावर कुणा उमेदवाराचं नाव नाही की चिन्ह नाही.

चिन्हं पडद्याआड आहेत, पोलादी पेट्यांवर. उमेदवार तितक्या पेट्या: बैलजोडी, हत्ती, झाड, कणीस-विळा. अशा लाखो पेट्या इथल्याच विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात तयार झाल्या. तुम्ही फक्त चित्र ओळखायचं आणि फटीत कागद सरकवायचा.

पण मुंबई शहर उत्तर हा दोन जागांचा मतदारसंघ आहे. एक जागा सर्वसाधारण, एक अनुसूचित जातींसाठी राखीव, म्हणून तुम्हाला मतंही दोन. तुमचा सगळा जीव हत्तीवर, बाबासाहेबांवर. दोन्ही पत्रिका तिथेच टाकाव्यात असं हाताला वाटतं. टाकल्या तर एक बाद! दुसरी झाडाच्या पेटीत टाक, समाजवादी पक्षाच्या अशोक मेहतांना, असं चाळीतल्या जाणत्यांनी बजावलंय. दुसरं मत वाया घालव, असं सांगणारेही रस्त्यात भेटले होते.

निकाल लागतो. काँग्रेसचे नारायण काजरोळकर सुमारे साडेचौदा हजार मतांनी निवडून येतात आणि घटनेच्या मसुदा समितीचे अध्यक्ष पडतात. मतं कुजवण्याचा प्रचार झाला, अशी तक्रार आंबेडकर आणि मेहता न्यायाधिकरणापुढे नेतात. ती फेटाळली जाते. माझं मत विचाराल तर निरक्षर माणसाला चित्र देऊन जी वाट सोपी केली होती, ती या दोन मतांच्या हिशेबाने पुन्हा अवघड करून ठेवली. दोन जागांचे मतदारसंघ कायद्याने बंद व्हायला १९६१ उजाडावं लागलं.

पडद्याआड आणखी एक भोक होतं. तुम्ही तिथे एकटे. पत्रिका पेटीत गेली की बंडीच्या खिशात, कोण बघणार? कोरी पत्रिका बाहेर आण, रोख पैसे घे, असा सौदा करणारा दलाल कोपऱ्यावर उभा राहू शकतो. मग त्याचाच एखादा माणूस आत जाऊन अख्खी चळत एका पेटीत कोंबणार. निरक्षरांना खूण करणं जमणार नाही या भीतीपोटी १९५७ लाही पेट्यांचीच पद्धत ठेवली गेली. १९६२ ला मात्र तुमच्या हातात सगळी नावं-चिन्हं छापलेली एकच पत्रिका आणि एक रबरी शिक्का येतो. तो तुम्हाला छान जमतो. खूण केलेला कागद दलालाच्या काय कामाचा?

आता नवीनच कटकट. घडी घातली की ओली शाई समोरच्या चिन्हावरही उमटते, आणि मोजणीच्या टेबलावर खरा ठसा कुठला यावरून हमरीतुमरी. यावर पुढे शिक्क्यालाच बाणांची फुली दिली गेली: घडीने उमटलेली असेल तर बाण उलट्या दिशेला वळलेले दिसतात. तरी केंद्रावरचे साहेब प्रत्येकाला बजावतच असायचे, “शाई वाळू द्या, आधी उभी घडी घाला, मग आडवी.”