दगडाला पत्ता हवा

वरोऱ्याजवळचं पिसदुरा आपल्यापैकी किती जणांनी पाहिलंय? मी दोन-चार जणांना सहज विचारलं. एकाने "तिकडे आमची सोयरीक आहे" एवढंच सांगितलं. पण कोलकाता, लखनऊ आणि लंडनच्या अभ्यासकांना हे नाव दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. कारण तिथल्या मातीत डायनोसॉरची हाडं आहेत आणि त्यांचं दगड झालेलं शेणही आहे.

आज जरा लांब लिहितोय. विषय जुना असला तरी प्रश्न आजचा आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

आपल्या भागात दगड-जीवाश्म गोळा करण्याचा इतिहास एका पाद्र्यापासून सुरू करावा लागतो. स्टीफन हिस्लॉप. जन्म १८१७, स्कॉटलंड. हा माणूस १८४० च्या दशकात नागपूरला आला, शाळा काढली, आणि उरलेल्या वेळात पायी आणि घोड्यावर प्रदेश हिंडला. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं, ते त्यांच्या मृत्यूनंतर १८८३ मध्ये सुरू झालं. हिस्लॉप पेशाने भूवैज्ञानिक नव्हते. सोबतीला रॉबर्ट हंटर नावाचे दुसरे मिशनरी, तेही तसेच हौशी. पण या दोघांनी १८५५ मध्ये नागपूर परिसराच्या भूगर्भावर जो निबंध लंडनला छापून आणला, त्याचा आधार आजही घेतला जातो.

त्यांना काय काय मिळालं ते बघा. नागपूरची टाकळी आज शहरात गेली, शेजारच्या वस्तीचं नावच गिट्टीखदान आहे. तिथे काळ्या दगडाच्या दोन थरांमध्ये एक पातळ थर होता. त्यात गोड्या पाण्यातल्या शंख-गोगलगाई, फळं, बिया आणि चक्क कीटकांच्या पंखांची टणक कवचं मिळाली. म्हणजे लाव्हा एकदा वाहून थंड झाला, वर तळं झालं, झाडं आली, किडे आले, आणि मग पुन्हा लाव्हा आला. ही साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीची गोष्ट.

कामठीकडे, सिल्लेवाड्याच्या दगडात त्यांना पानं मिळाली. जिभेच्या आकाराची, मधे ठसठशीत शीर असलेली. ग्लॉसॉप्टेरिस. हे झाड आपल्या कोळशाच्या काळातलं. आपण चंद्रपूर-वणी पट्ट्यातले लोक कोळशाला धूळ, ट्रक आणि नोकरी एवढ्यापुरतंच ओळखतो. पण तो कोळसा म्हणजे २८ कोटी वर्षांच्या आसपासची दलदलीतली झाडी आहे. तशीच पानं दक्षिण आफ्रिका, ऑस्ट्रेलिया, दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिकातही मिळाली, म्हणून हे सगळे भूभाग कधीकाळी एकत्र होते या विचाराला बळ मिळालं. त्या एकत्र खंडाचं नाव काय? गोंडवाना. आपल्या गोंड लोकांच्या मुलखावरून पडलेलं नाव. जगभरच्या शाळांत पोरं हे नाव पाठ करतात आणि आपल्याकडे ते बसच्या पाटीवर दिसतं.

वर्धा खोऱ्यातल्या मांगली गावातून एका बेडकाच्या दूरच्या नातलगाची, चपट्या डोक्याच्या उभयचराची कवटी लंडनला गेली. १८५५ मध्ये रिचर्ड ओवेन यांनी तिला ब्रॅकिऑप्स लॅटिसेप्स असं नाव दिलं. 'डायनोसॉर' हा शब्द ज्यांनी १८४२ मध्ये घडवला, तेच हे ओवेन. तो प्राणी कोळशाच्या झाडीनंतरचा आणि डायनोसॉरच्या भरभराटीच्या आधीचा. पिसदुऱ्याहून हिस्लॉप यांनी पाठवलेली हाडं मोठ्या प्राण्याची होती. पुढे १८७९ मध्ये रिचर्ड लायडेकर यांनी पिसदुऱ्याच्या मणक्यांवरून टायटॅनोसॉरस ब्लॅनफोर्डी हे नाव दिलं.

थोडं खाली दक्षिणेला चला. सिरोंचा तालुक्यात प्राणहितेकाठी कोटा नावाचं गाव आहे. तिथल्या चुनखडकात जुरासिक काळातले मासे सापडले आणि त्या सगळ्या थरालाच भूवैज्ञानिकांनी कोटा हे नाव दिलं. नदीपल्याड, आजच्या तेलंगणात, याच थरातून १९६० च्या आसपास बारापासॉरस या महाकाय प्राण्याची हाडं निघाली. नावाचा अर्थ साधा आहे, मोठ्या पायाचा. पुढचा शब्द टागोराय, कारण १९६१ हे रवींद्रनाथांचं जन्मशताब्दी वर्ष. त्याचा सांगाडा कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत उभा आहे.

म्हणजे नागपूरहून सिरोंच्याला गाडीने एका दिवसात जाता येतं, पण वाटेत २८ कोटी वर्षं लागतात. एवढा जुना दस्तऐवज आपल्या तहसील कार्यालयातही नाही.

आता दुसरी बाजू, खनिजांची. पश्चिम महाराष्ट्रातल्या वाचकांना ही जास्त जवळची वाटेल.

काळा दगड, म्हणजे बेसाल्ट, वाहता लाव्हा असताना त्यात वायूचे बुडबुडे होते. लाव्हा गोठला आणि बुडबुड्यांच्या पोकळ्या राहिल्या. नंतर गरम, क्षारयुक्त पाणी त्यातून झिरपत राहिलं आणि पोकळ्यांच्या आत स्फटिक वाढले. स्टिलबाइट, ह्युलँडाइट, स्कोलेसाइट हे झिओलाइट गटातले, आणि त्यांच्या जोडीला ॲपोफिलाइट. बाहेरून दगड काळा, ओबडधोबड. फोडला की आत पांढरी, गुलाबी, हिरवी आरास.

१८५६ ते १८६३ या काळात बोरघाटात रेल्वेचं काम चाललं होतं. बोगदे आणि खिंडी खणताना हे स्फटिक मोठ्या संख्येने बाहेर आले आणि बोटीत बसून युरोपच्या संग्रहालयांत पोचले. त्या घाटात काम करताना रोगराईने आणि अपघातांनी हजारो मजूर मेले. संग्रहालयाच्या काचेआड त्यांचा उल्लेख असणार नाही, म्हणून इथे करतो.

त्यानंतरचं श्रेय विहिरींना आणि खदानींना. पुण्याच्या पाषाण टेकडीवरचा हिरवा ॲपोफिलाइट, नाशिकच्या पांडवलेणी परिसरातला पॉवेलाइट, राहुरीकडच्या मोमीन आखाड्याच्या विहिरीतला ॲपोफिलाइट, जळगावचे स्टिलबाइट. आणि सगळ्यांत गाजलेला वाघोलीचा कॅव्हनसाइट, मोरपिशी निळा. हे खनिज आधी अमेरिकेतल्या ओरेगॉनमध्ये सापडलं होतं. कॅल्शियम, व्हॅनेडियम आणि सिलिकेट यांची आद्याक्षरं जोडून १९७३ मध्ये त्याचं नाव जाहीर झालं. पण जगातले सर्वांत देखणे नमुने निघाले ते आपल्या वाघोलीच्या गिट्टी खदानीतून. सिमेंटच्या इमारतीखाली जाणाऱ्या खडीतून!

हे नमुने दरवर्षी अमेरिकेतल्या टूसॉनच्या खनिज प्रदर्शनात विकायला असतात. सिन्नरला कृष्णचंद्र पांडे यांनी उभं केलेलं गारगोटी संग्रहालय आहे, जमलं तर पोरांना घेऊन जा. आपल्याच मातीतली संपत्ती आपल्याच राज्यात नीट मांडून दाखवता येते, हे तिथे कळतं.

इथवर वाचून कोणी म्हणेल, इंग्रजांनी आपला माल लुटून नेला. मीही पूर्वी बातमीचा मथळा तसाच केला असता. पण नीट बघितलं तर गोष्ट तेवढी सरळ नाही.

जबलपूरला १८२८ मध्ये कॅप्टन स्लीमन, तेच ठगांचा बंदोबस्त करणारे, यांना काही हाडं मिळाली. ती कोलकात्याला गेली. १८७७ मध्ये लायडेकर यांनी त्यांवरून टायटॅनोसॉरस इंडिकस हे नाव दिलं. भारतातला नाव मिळालेला हा पहिला डायनोसॉर. नंतर ते मणके हरवले. परदेशात नव्हे, आपल्याच देशात. २०१२ मध्ये धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना ते कोलकात्याच्या सरकारी संग्रहात पुन्हा गवसले. म्हणजे वस्तू देशात राहिली म्हणून ती सुरक्षित राहिली, असं होत नाही.

याच मोहबेंची दुसरी गोष्ट ऐका. १९८० च्या दशकात त्यांनी गुजरातमधल्या ढोली डुंगरीतून डायनोसॉरच्या अंड्यांसह एक दगड उचलला, जागा आणि थर नीट नोंदवला आणि जपून ठेवला. बऱ्याच वर्षांनी दुसऱ्या अभ्यासकाने तोच दगड पाहिला, तेव्हा अंड्यांशेजारी सापाचे मणके दिसले. २०१० मध्ये जगाला कळलं की डायनोसॉरच्या घरट्यात साप शिरला होता आणि दोघंही तिथेच गाडले गेले. त्या सापाचं नाव सनाजे इंडिकस. दगड तोच होता. तो पुन्हा बोलू शकला, कारण त्याचा पत्ता कोणीतरी लिहून ठेवला होता.

आणि पुन्हा पिसदुरा. तिथल्या लाल मातीत पडलेलं ते दगड झालेलं शेण लखनऊच्या बिरबल साहनी संस्थेच्या वंदना प्रसाद आणि सहकाऱ्यांनी तपासलं. २००५ मध्ये निष्कर्ष छापून आला. शेणात गवताच्या पेशींतले सूक्ष्म सिलिकेचे कण होते. तोवर समजूत अशी होती की गवत आलं ते डायनोसॉर गेल्यानंतर. पिसदुऱ्याच्या शेणाने ती समजूत मोडली. त्या गवतांत आजचा तांदूळ आणि बांबू ज्या गटांत येतात, त्या गटांची गवतंही होती. धानाच्या मुलखाला लागून असलेल्या आपल्या भागात हा पुरावा मिळावा, हे मला फार भारी वाटतं. आणि लक्षात घ्या, हे खडे दिसायला अगदीच सामान्य आहेत. दिवाणखान्यात कोणी ठेवणार नाही असे.

आता आजचा प्रश्न.

वीसेक वर्षं तालुक्याची बातमीदारी करताना मी हे वारंवार पाहिलंय. विहीर खणताना, शेततळं करताना, रस्त्याचा मुरूम काढताना काहीतरी वेगळं निघतं. जेसीबीवाला दोन फोटो काढतो. गावात अफवा उठते, कोणी म्हणतं राक्षसाचं हाड, कोणी म्हणतं महादेवाची पिंड. दोन दिवसांनी एक गाडी येते आणि किरकोळ पैसे देऊन माल उचलून नेते. तो पुढे कुठे जातो, माहीत नाही. एकदा मी एका कार्यालयात विचारलं, याची नोंद कोण ठेवतं? उत्तर मिळालं, "आमच्या खात्यात येत नाही." दुसऱ्या कार्यालयातही तेच. चूक त्या बाबूची म्हणत नाही, खरंच तशी व्यवस्था नाही. २०२२ च्या अखेरीस केंद्राच्या खाण मंत्रालयाने भू-वारसा स्थळं आणि भू-अवशेष यांच्या जतनासाठी विधेयकाचा मसुदा जाहीर केला. असा मसुदा लागला, यावरूनच तोवरची पोकळी कळते.

मी संग्रहाच्या विरोधात नाही. हिस्लॉप हौशीच होते. खदानीतला मजूर हातोडा आवरता घेतो, म्हणूनच एकेक स्फटिक शाबूत निघतो. त्याला त्याचा मोबदला मिळायलाच हवा, आणि आज मिळतो त्याहून जास्त मिळायला हवा. पण गोळा करणं आणि उचलून नेणं यात फरक आहे. जुन्या संग्रहांत कित्येक नमुन्यांवर फक्त 'पूना, इंडिया' एवढंच लिहिलेलं असतं. तो नमुना जळगावचा की नाशिकचा, कुठल्या खदानीचा, काही कळायला मार्ग नाही. स्फटिक निदान सुंदर तरी दिसतो. जीवाश्माचं तसं नसतं. थर हरवला की काळ हरवतो, आणि मग हातात उरतो नुसता दगड.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो, गावात कोणालाही जमतील अशा.

काही निघालं तर धुऊ नका, फोडू नका. आधी जागेवरच फोटो काढा, शेजारी पट्टी किंवा नाणं ठेवून. गावाचं नाव, गट नंबर, किती फूट खोल, माती लाल की काळी, खाली-वर कुठला दगड, तारीख आणि सापडवणाऱ्याचं नाव एका कागदावर लिहा आणि तो कागद वस्तूसोबतच ठेवा. जवळच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्र विभागाला कळवा, किंवा भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या नागपूरच्या कार्यालयाला.

आणि ग्रामपंचायतींना विनंती. एक वही ठेवा. फक्त एक वही. शाळेच्या कपाटात एक कप्पा द्या. त्याला संग्रहालय म्हणायची गरज नाही, उद्घाटन नको, फीत नको. पण पिसदुऱ्याच्या शाळेतल्या पोराला आपल्या गावाने जगाला काय शिकवलं, हे त्याच्या गावातच कळलं पाहिजे.

हिस्लॉप ४ सप्टेंबर १८६३ ला टाकळघाटची शिळावर्तुळं पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून गेले. वय ४५. गोंड आणि इतर जमातींबद्दल त्यांनी जमवलेली टिपणं रिचर्ड टेम्पल यांनी १८६६ मध्ये छापली. माणूस गेला, पण लिहून ठेवलेलं राहिलं. आपण तर याच मातीतले आहोत, आणि खिशात कॅमेरा असलेला फोन घेऊन फिरतो.

तुमच्या गावात असं काही निघालं असेल तर कमेंटमध्ये गावाचं नाव आणि फोटो टाका. नेमकी जागा मात्र जाहीर लिहू नका, ती मला मेसेजमध्ये कळवा. दहा गावांच्या नोंदी जमल्या तरी त्या घेऊन मी स्वतः नागपूरला जाईन.