बॅकअप व पुनःप्राप्ती, घरगुती संगणकाची

घरगुती संगणकातील माहितीची किंवा संपूर्ण संगणकाच्या स्थितीची प्रत वेगळ्या जागी ठेवणे म्हणजे बॅकअप. मूळ माहिती गेल्यावर त्या प्रतीवरून ती पुन्हा उभी करणे म्हणजे पुनःप्राप्ती किंवा रिस्टोअर. फायलींची प्रत, डिस्कची इमेज, क्लोन आणि क्लाउड बॅकअप या प्रमुख पद्धती आहेत. त्यांतून निवड करताना बहुतेक जण पेनड्राइव्ह घ्यावा, एक्स्टर्नल हार्ड डिस्क घ्यावी की क्लाउडचे पैसे भरावेत, इथून सुरुवात करतात. ही निवड उलट बाजूने करायला हवी. काय गेल्यावर काय परत हवे आणि किती वेळात हवे, हे आधी ठरले की साधनाचा प्रश्न बराचसा सुटतो.

माहिती जाण्याची कारणे वेगवेगळी असतात आणि एका कारणावर चालणारी पद्धत दुसऱ्यावर निकामी ठरते. चुकून पुसलेली किंवा जुन्यावर नवी सेव्ह झालेली फाइल, सुरूच न होणारे विंडोज, बंद पडलेली डिस्क, चोरीला गेलेला लॅपटॉप, पुराचे पाणी आणि फायली कुलूपबंद करून खंडणी मागणारे रॅन्समवेअर, हे सगळे वेगळे प्रसंग आहेत. आपल्याकडे संगणक विकत घेतानाच डिस्कचे सी आणि डी असे भाग पाडून देण्याची पद्धत रूढ आहे. ‘महत्त्वाचे सगळे डी ड्राइव्हला ठेवा’ हा सल्लाही सोबत मिळतो. सी ड्राइव्ह फॉरमॅट मारून पुन्हा विंडोज टाकायचे असेल तेव्हा हा सल्ला उपयोगी पडतो. पण सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. ती डिस्क मेली की दोन्ही जातात. डी ड्राइव्हवरची प्रत बॅकअप मानू नये.

फायलींचा बॅकअप ही सर्वांत साधी आणि बहुतेक घरांसाठी पहिली पद्धत. फोटो, कागदपत्रे, हिशेब अशा पुन्हा न मिळणाऱ्या गोष्टींचीच प्रत घेतली जात असल्याने जागा कमी लागते आणि एखादीच फाइल परत आणणे सोपे जाते. हाताने कॉपी-पेस्ट केले तर शेवटची एकच आवृत्ती हाती राहते. फाइल महिन्यापूर्वीच बिघडली असेल, तर बिघडलेलीच प्रत जपली जाते. म्हणून जुन्या आवृत्त्या सांभाळणारे साधन घ्यावे. मॅकवर २००७ पासून टाइम मशीन आहे. ते शेवटच्या २४ तासांच्या तासातासाच्या, गेल्या महिन्याच्या रोजच्या आणि त्याआधीच्या दर आठवड्याच्या प्रती डिस्क भरेपर्यंत ठेवते. विंडोज ८ बरोबर २०१२ मध्ये फाइल हिस्टरी आली. विंडोज ११ मध्येही ती कंट्रोल पॅनेलमध्ये आहे. लिनक्सवर १९९६ पासून चालत आलेले आरसिंक हेच काम करू शकते. मात्र जुन्या आवृत्त्या राखण्याची तजवीज स्वतः करावी लागते.

या पद्धतीचा कच्चा दुवा म्हणजे निवडायचे राहून गेलेले फोल्डर. डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स घेतले जातात, पण हिशेबाच्या प्रोग्रामचा डेटा किंवा मेल साठवणारी फाइल कुठेतरी आत, वेगळ्याच फोल्डरमध्ये असते. मराठी मजकुराच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. युनिकोड रुळण्यापूर्वी श्रीलिपी, आकृती, आयएसएम यांसारख्या प्रणालींत टंकलेले लेख, लग्नपत्रिका, दिवाळी अंकांची पाने आजही घरोघरी पडून आहेत. अशी फाइल जशीच्या तशी परत मिळाली, पण तिचा फॉन्ट नव्या संगणकावर नसेल, तर समोर अर्थहीन अक्षरांची रांग येते. म्हणून अशा फायलींसोबत फॉन्ट, प्रोग्रामची इन्स्टॉल फाइल आणि त्याचा परवाना यांचाही बॅकअप हवा. जमेल तितका मजकूर युनिकोडमध्ये आणून ठेवणे अधिक टिकाऊ.

इमेज म्हणजे विंडोज, प्रोग्राम, सेटिंग आणि फायली यांसह अख्ख्या डिस्कचे एका मोठ्या फाइलमध्ये साठवलेले रूप. क्लोन म्हणजे तीच सामग्री दुसऱ्या डिस्कवर थेट उतरवणे. ती डिस्क जागेवर बसवली की बहुधा संगणक लगेच सुरू होतो. १९९० च्या दशकात न्यूझीलंडमध्ये तयार झालेल्या आणि १९९८ मध्ये सिमँटेकने विकत घेतलेल्या घोस्ट या प्रोग्राममुळे ही पद्धत दुकानदारांपासून सायबर कॅफेंपर्यंत पोहोचली. आज क्लोनझिलासारखे मुक्त प्रोग्राम हे काम फुकट करतात. विंडोजमधील अंगभूत सिस्टिम इमेजची सोय मायक्रोसॉफ्टने २०१७ पासून विकसित करणे थांबवले आहे, त्यामुळे नव्याने तिच्यावर विसंबू नये. जुने, पुन्हा मिळणार नाहीत असे प्रोग्राम असलेल्या किंवा एक दिवसही बंद ठेवणे परवडत नाही अशा संगणकासाठी इमेज फार मोलाची. फक्त फोटो आणि ब्राउझर वापरणाऱ्या घराला तिची निकड कमी, कारण विंडोज नव्याने टाकता येते. हार्ड डिस्क बदलून एसएसडी बसवताना मात्र क्लोनच सोयीचा. क्लोनमध्ये जुन्या आवृत्त्या नसतात. दर रात्री क्लोन घेतला, तर आज पुसलेली फाइल उद्या त्यातूनही गेलेली असेल.

विंडोजमधील सिस्टिम रिस्टोअर ही सोय २००० मध्ये विंडोज एमईबरोबर आली. तिच्या नावामुळे अनेकांचा गैरसमज होतो. ती सिस्टिमच्या फायली, ड्रायव्हर आणि सेटिंग मागच्या तारखेला नेते; पुसलेला फोटो परत आणत नाही. ‘रिसेट’ करताना फायली ठेवण्याचा पर्याय निवडला, तरी बाहेरून टाकलेले प्रोग्राम जातात. दोन्ही सोयी दुरुस्तीच्या आहेत.

क्लाउडबाबत सिंक आणि बॅकअप यांतला फरक ओळखणे सर्वांत महत्त्वाचे. वनड्राइव्ह किंवा गूगल ड्राइव्ह मुख्यतः सिंक करतात, म्हणजे संगणकावर झालेला बदल तिकडेही पोहोचवतात. फाइल इथे पुसली की तिथेही पुसली जाते आणि साधारण ३० दिवस तिथल्या कचरापेटीत राहते. दोन महिन्यांनी लक्षात आले, तर उशीर झालेला असतो. वनड्राइव्हची फुकट जागा ५ जीबी आणि गूगलची १५ जीबी, तीही मेल आणि फोटोंसह. लग्नाच्या एका व्हिडिओत ती संपू शकते. बॅकअपचा वेगही मोजून पाहावा. ५०० जीबी माहिती सेकंदाला १० मेगाबिटच्या वेगाने चढवायची, तर अखंड साडेचार दिवसांहून अधिक लागतात. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क सेकंदाला १०० मेगाबाइट लिहीत असेल, तर तेच काम दीड तासात होते.

तरीही घराबाहेरची एक प्रत हवीच. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. तळमजल्यावरचा संगणक आणि त्याच टेबलाच्या खणातली एक्स्टर्नल डिस्क अशा वेळी एकत्रच बुडतात. छायाचित्रकार पीटर क्रो यांच्या नावाने ओळखला जाणारा ३-२-१ नियम इथे लागू पडतो : माहितीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यांतील एक दुसऱ्या ठिकाणी. क्लाउड परवडत नसेल, तर दुसरी डिस्क गावच्या घरी किंवा बहिणीकडे ठेवून सणावारी अदलाबदल करणेही चालते.

रॅन्समवेअरमुळे या नियमात आणखी एक अट आली : एक प्रत संगणकापासून तोडलेली असावी. कायम जोडून ठेवलेली बॅकअप डिस्क मूळ फायलींबरोबरच कुलूपबंद होते. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या हल्ल्याने मर्स्क या जहाज कंपनीचे जाळे उद्ध्वस्त केले आणि न्हावा शेवा येथील तिचे टर्मिनलही अडकले. वापरकर्त्यांच्या नोंदी सांभाळणारे कंपनीचे सर्व्हर एकमेकांच्या प्रती ठेवत होते आणि म्हणूनच सगळे एकदम पुसले गेले. घानामधला एकच वाचला, कारण तिथे वीज गेल्याने तो जाळ्यापासून सुटा होता. घरी याचा अर्थ इतकाच की बॅकअप झाला की डिस्क काढून ठेवावी.

बॅकअपच नसेल, तर पुसलेली फाइल खणून काढण्याचा मार्ग उरतो. जुन्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली तरी तिचा मजकूर त्यावर दुसरे काही लिहिले जाईपर्यंत राहतो. त्यामुळे संगणक ताबडतोब बंद करून फोटोरेकसारख्या प्रोग्रामने यश मिळू शकते. परत आणलेली फाइल मात्र दुसऱ्याच डिस्कवर साठवावी. एसएसडीवर ट्रिम नावाची आज्ञा मोकळी झालेली जागा डिस्कला कळवते आणि मजकूर बहुधा लवकरच कायमचा जातो. एसएसडी सर्वत्र आल्यापासून ही आशा फारच क्षीण झाली आहे.

बॅकअप चालू आहे असे दिसणे पुरेसे नसते. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’च्या बहुतांश फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या, तेव्हा बॅकअप बरेच दिवस नीट होत नसल्याचे उघड झाले. बाळंतपणानंतर घरून काम करणाऱ्या गेलिन सुसमन यांच्या घरच्या संगणकावरील प्रतीने चित्रपट वाचला. दर काही महिन्यांनी दोन-चार फायली परत आणून उघडून पाहाव्यात, शक्य तर दुसऱ्या संगणकावर. इमेज असेल, तर ती उतरवण्यासाठी लागणारा बूट होणारा पेनड्राइव्ह आधीच बनवून तपासावा. नव्या विंडोज लॅपटॉपची डिस्क अनेकदा बिटलॉकर या अंगभूत सोयीने आपोआप कूटबद्ध झालेली असते. मदरबोर्ड बदलल्यावर किंवा डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडल्यावर ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ही की मायक्रोसॉफ्ट खात्यात असली तरी कागदावर लिहून घरातल्या आणखी एका व्यक्तीला ठाऊक असलेल्या जागी ठेवावी.