ट्रेडेस्कॅन्शिया झेब्रिना

ट्रेडेस्कॅन्शिया झेब्रिना ही केना कुळातील (कॉमेलिनेसी) बहुवर्षायू, सरपटणारी व लोंबणारी शोभिवंत वनस्पती आहे. मेक्सिको, मध्य अमेरिका व कोलंबिया हे तिचे मूळस्थान होय. पानांवरील रुपेरी पट्टे व पानांच्या खालच्या बाजूचा जांभळा रंग यांमुळे ती टांगत्या कुंडीत घरोघरी लावली जाते. मराठवाड्यातील नांदेड व लातूर या जिल्ह्यांसारख्या उष्ण, कोरड्या हवामानातही योग्य जागा व बेताचे पाणी मिळाल्यास ती घरात वर्षभर टिकते.

नाव व वर्गीकरण

प्रजातीचे नाव जॉन ट्रेडेस्कंट या एकाच नावाच्या इंग्लिश पितापुत्र उद्यानतज्ज्ञांवरून पडले आहे. ‘झेब्रिना’ हा शब्द झेब्र्यासारख्या पट्ट्यांचा निदर्शक आहे. पूर्वी ही वनस्पती झेब्रिना पेंडुला या नावाने ओळखली जात असे. रोपवाटिकांत प्रचलित असलेले ‘वाँडरिंग ज्यू’ हे इंग्रजी नाव ज्यू समाजाविषयीच्या मध्ययुगीन युरोपीय दंतकथेवरून आले असून ते अवमानकारक मानले जाते. त्यामुळे अलीकडे ‘इंच प्लँट’ हे नाव अधिक वापरले जाते.

पावसाळ्यात सोयाबीन व कापसाच्या शेतात उगवणारे केना हे तण याच कुळातील आहे. उपटलेला केना ओल्या बांधावर पडून राहिल्यास पेरांपाशी मुळे फुटून पुन्हा जगतो. झेब्रिनाची अभिवृद्धी सुलभ होण्याचे कारणही हेच आहे.

वर्णन

खोड मांसल व रसाळ असून त्यावर ठळक पेरे असतात. पाने एकाआड एक, अंडाकृती व टोकदार असून साधारणपणे ४ ते १० सेंमी लांब असतात. त्यांचा तळ खोडाला वेढून राहतो. वरच्या पृष्ठभागावर दोन रुपेरी पट्टे दिसतात. खालच्या पृष्ठभागाचा जांभळा रंग अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येतो. फुले लहान, तीन पाकळ्यांची व गुलाबी-जांभळी असून प्रत्येक फूल एकच दिवस टिकते. घरात लावलेल्या झाडास फुले क्वचितच येतात.

घरातील लागवड

प्रकाश : रंग टिकण्यासाठी भरपूर, परंतु सौम्य प्रकाश आवश्यक असतो. अंधाऱ्या जागी पेरांमधील अंतर वाढते, झाड विरळ होते व पट्टे फिके पडतात. जुन्या माळवदाच्या घरांत खिडक्या लहान असल्याने कुंडी दारालगत किंवा पडवीत टांगणे योग्य ठरते. पूर्वेकडील खिडकीतले सकाळचे कोवळे ऊन मानवते. उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो, तेव्हा पश्चिमेचे ऊन पाने करपवते. अशा वेळी कुंडी आत घ्यावी किंवा खिडकीस पातळ पडदा लावावा.

माती : या भागातील काळी चिकण माती पाणी धरून ठेवते व वाळल्यावर भेगाळते. नुसत्या काळ्या मातीत मुळे कुजतात. माती, कोकोपीट व गांडूळखत समभाग घेऊन त्यात थोडी जाड वाळू मिसळावी. कुंडीच्या तळाशी छिद्रे असावीत.

पाणी : मातीचा वरचा थर बोटाला कोरडा लागल्यावरच पाणी द्यावे. उन्हाळ्यात माती लवकर सुकते, तर पावसाळ्यात व हिवाळ्यात पाण्याच्या पाळ्या लांबतात. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी आणावे लागले होते. अशा टंचाईच्या प्रदेशात शोभेच्या झाडासाठी पिण्याचे पाणी न वापरता भाज्या, डाळ व तांदूळ धुतलेले मीठविरहित पाणी वापरणे श्रेयस्कर ठरते. जलशुद्धीकरण यंत्रातून (आरओ) बाहेर टाकल्या जाणाऱ्या पाण्यात क्षारांचे प्रमाण अधिक असते. ते सतत दिल्यास क्षार मातीत साठतात आणि पानांची टोके तपकिरी होऊन वाळतात. विंधन विहिरीचे जड पाणी वापरत असल्यास पावसाळ्यात कुंडीतून पावसाचे पाणी वाहू द्यावे. त्यामुळे साठलेले क्षार निघून जातात.

झाड भरगच्च ठेवणे

वयानुसार खोडाच्या बुडाकडील पाने गळतात आणि कुंडीचा मध्यभाग उघडा पडतो. हा रोग नसून या वनस्पतीच्या वाढीची रीत आहे. त्यावर दोन उपाय करतात. पहिला म्हणजे शेंडे खुडणे. शेंडा खुडल्यावर खालच्या पेरांतून नवे फुटवे निघतात. दुसरा म्हणजे खुडलेले शेंडे त्याच कुंडीत लावणे. ८ ते १० सेंमी लांबीच्या फांदीची खालची पाने काढून किमान एक पेर मातीत जाईल अशा रीतीने ती खोचतात. साधारण एक ते दोन आठवड्यांत मुळे फुटतात. पाण्याच्या पेल्यातही मुळे येतात. एकाच कुंडीत आठ-दहा फांद्या लावल्यास ती लवकर भरते. लागवडीस पावसाळा सर्वांत अनुकूल असतो. एखाद्या फांदीवर पूर्ण हिरवी पाने येऊ लागल्यास ती फांदी कापून टाकावी. अन्यथा ती जोमाने वाढून पट्टेदार फांद्यांना मागे टाकते.

कोरड्या हवेत लाल कोळी व पिठ्या ढेकूण यांचा उपद्रव होतो. पानांची खालची बाजू पाण्याने धुणे व ५ टक्के निंबोळी अर्क फवारणे उपयुक्त असते.

दक्षता

या वनस्पतीच्या रसामुळे काहींच्या त्वचेस खाज येते. कुत्र्या-मांजरांनाही त्याचा त्रास होतो. त्यामुळे कुंडी त्यांच्या व लहान मुलांच्या आवाक्याबाहेर असावी.

दक्षिण आफ्रिकेत व ऑस्ट्रेलियाच्या काही भागांत ही वनस्पती बागेतून निसटून सावलीच्या जागी पसरली असून तेथे ती आक्रमक मानली जाते. तिचे जाड आच्छादन स्थानिक रोपांना उगवू देत नाही. छाटलेल्या प्रत्येक पेरापासून नवे झाड होऊ शकत असल्याने छाटण गोदावरी, मांजरा यांसारख्या नद्यांच्या काठी, ओढ्यात किंवा उकिरड्यावर न टाकता उन्हात पूर्ण वाळवून मगच खतात मिसळणे इष्ट असते.

शैक्षणिक उपयोग

ट्रेडेस्कॅन्शिया स्पॅथेसिया (ऱ्हिओ) ही याच प्रजातीतील वनस्पती अकरावीच्या जीवशास्त्र प्रात्यक्षिकांत वापरतात. तिच्या पानाच्या जांभळ्या सालीतील पेशी रंग न देताही सूक्ष्मदर्शकाखाली स्पष्ट दिसतात. साल मिठाच्या संहत द्रावणात ठेवल्यास पाणी पेशीबाहेर जाते व जीवद्रव्य पेशीभित्तिकेपासून सुटून आकसते. या क्रियेस प्लास्मोलिसिस म्हणतात. क्षारयुक्त पाणी कुंडीतील झाडास का मानवत नाही, हे समजण्यास हा प्रयोग उपयोगी पडतो. मातीतील क्षार वाढले की मुळांना पाणी शोषून घेणे अवघड होते आणि माती ओली असूनही झाड कोमेजते.

हेही पहा : केना, मनी प्लँट, परासरण, आक्रमक वनस्पती