डाग, ईथर आणि बर्फाची लादी

पावसाळ्यात रत्नागिरीकडे वीज गेली की मेणबत्ती लागते आणि कधीतरी तिचे मेण गणवेशावर सांडते. अशा वेळी घरातले कुणीतरी सांगते, "त्यावर बर्फ ठेव, मेण आपोआप सुटेल." च्युइंगगमवरही हाच उपाय सांगतात. आजीच्या बटव्यातली युक्ती म्हणूनच आपण तो ऐकतो. पण जरा विचार करू या. आजीच्या आजीला हा उपाय सांगता आला असता का? मेण होते, कपडे होते, पण बर्फ कुठे होता? डागावर ठेवून वितळू द्यावा इतका बर्फ स्वस्त व्हायला मोठा इतिहास घडावा लागला. गंमत म्हणजे त्या इतिहासाच्या एका महत्त्वाच्या वळणावर साफसफाईच उभी आहे.

बर्फ नव्हता तेव्हा कोकणातली घरे अस्वच्छ नव्हती. भांड्यांना चुलीतली राख आणि नारळाचे सोडण, तांब्या-पितळेला चिंच किंवा आमसूल, कपड्यांना रिठे. फणस कापताना हाताला आणि विळीला खोबरेल तेल लावायचे, कारण फणसाचा चीक पाण्याला दाद देत नाही, तेलाला देतो. या प्रत्येक उपायामागे रसायनशास्त्र आहे, आणि प्रत्येक वस्तू परसातली किंवा स्वयंपाकघरातली आहे. बर्फ मात्र परसात मिळणारा नव्हता.

उत्तर हिंदुस्थानात तो काही ठिकाणी मिळे. मोगलांच्या काळात हिमालयाकडून बर्फ आणला जाई, हे 'ऐन-ए-अकबरी'त नोंदले आहे. पुढे रॉबर्ट बार्कर या इंग्रज अधिकाऱ्याने अलाहाबादची पद्धत पाहिली आणि १७७५ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवली. हिवाळ्यातल्या निरभ्र रात्री उथळ खड्ड्यांत गवत-पाचट पसरून त्यावर मातीची पसरट भांडी पाणी भरून ठेवत. हवेचे तापमान शून्याच्या वर असले तरी पहाटे त्यांवर बर्फाचा पातळ थर धरे. उघड्या आकाशाकडे उष्णता निघून जाते, थोडे पाणी बाष्प होऊन उरलेल्याला गार करते, आणि खालचे पाचट जमिनीची ऊब वर येऊ देत नाही. कोकणात हे का जमले नाही? इथे समुद्रामुळे हिवाळाही उबदार असतो. शिवाय हवेतले बाष्प उष्णतेचा बराच भाग खाली परत पाठवते आणि बाष्पीभवनही मंदावते. त्यामुळे कोकणात दव पडते, बर्फ पडत नाही.

समुद्रकिनाऱ्यावरच्या शहरांना बर्फ मिळाला तो समुद्रातूनच. अमेरिकेतील बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडर या व्यापाऱ्याने १८०६ मध्ये तळ्यांवरचा बर्फ वेस्ट इंडीज बेटांकडे पाठवून हा धंदा सुरू केला. मे १८३३ मध्ये त्याचे 'टस्कनी' हे जहाज सुमारे १८० टन बर्फ घेऊन कलकत्त्याला निघाले. आफ्रिकेला वळसा घालून, विषुववृत्त दोनदा ओलांडून, चार महिन्यांनी ते पोचले तेव्हा सुमारे १०० टन बर्फ शिल्लक होता!

हे कसे शक्य झाले? एक ग्रॅम बर्फ वितळायला सुमारे ८० कॅलरी उष्णता लागते. तेवढ्याच उष्णतेत एक ग्रॅम पाणी शून्यापासून ८० अंशांपर्यंत तापते. हाच बर्फाचा अप्रकट उष्मा. ही कल्पना जोसेफ ब्लॅक या स्कॉटिश शास्त्रज्ञाने अठराव्या शतकात मांडली होती. त्यात झाडाच्या सालींचा चुरा किंवा लाकडाचा भुसा यांचे आवरण घातले की उष्णता आत शिरायला वेळ लागतो. दुसरे कारण आकाराचे. मोठ्या राशीचा पृष्ठभाग तिच्या आकारमानाच्या मानाने कमी असतो, म्हणून रास टिकते आणि खडा लगेच वितळतो.

मुंबई आणि मद्रासलाही हा बर्फ येऊ लागला आणि त्यासाठी खास बर्फघरे बांधली गेली. मद्रासचे बर्फघर आजही उभे आहे. मुंबईचे १८४३ च्या सुमारास बांधले होते. पण हा बर्फ साहेबांच्या पेयांसाठी, श्रीमंतांच्या मेजवान्यांसाठी आणि रुग्णाचा ताप उतरवण्यासाठी. सहा हजारांहून अधिक मैलांवरून आलेला बर्फ कपड्याच्या डागावर कोण खर्च करणार?

आता ते वळण. ऑस्ट्रेलियातील जिलाँग येथे जेम्स हॅरिसन नावाचा स्कॉटिश वंशाचा पत्रकार छापखाना चालवत होता. छपाईचे खिळे शाईने बरबटले की ते ईथरने पुसत. ईथर उडून गेले की खिळे थंडगार लागतात, हे त्याच्या ध्यानात आले, असे सांगतात. बाष्प होताना द्रव भोवतालची उष्णता ओढून घेतो, हे शास्त्रज्ञांना ठाऊक होते. हॅरिसनने त्याचे यंत्र केले. ईथरची वाफ पंपाने ओढायची, दाबून पुन्हा द्रव करायची आणि पुन्हा उडू द्यायची. १८५० च्या दशकात त्याने असा बर्फ तयार केला आणि पेटंटही घेतले. शाई पुसण्याच्या कामातून बर्फाचे यंत्र निघाले! पुढे ईथरची जागा अमोनियाने घेतली. १८७० च्या दशकात मद्रास आणि कलकत्त्यात बर्फाचे कारखाने निघाले आणि अमेरिकेचा बर्फ हळूहळू यायचा थांबला.

रत्नागिरीत बर्फाला खरे काम मिळाले ते मासळीचे. बर्फाविना मासळी टिकवायची तर खारवणे आणि सुकवणे हेच मार्ग होते. यांत्रिक होड्या आल्या, मासळी दूरच्या बाजारात जाऊ लागली, तशी बर्फाची गरज वाढली. आज मिरकरवाडा बंदरात होडी समुद्रात जाते ती बर्फ भरून. कारखान्यात पत्र्याच्या उंच डब्यांत पाणी भरून ते डबे अमोनियाने गार केलेल्या मिठाच्या पाण्यात बुडवतात. मिठाचे पाणी शून्याखालीही द्रव राहते, म्हणून डब्यातले पाणी गोठून लादी तयार होते.

घरात मात्र बर्फ आला तो फ्रिजबरोबर. भारतात गोदरेजने १९५८ मध्ये फ्रिज बनवायला सुरुवात केली, आणि मध्यमवर्गीय स्वयंपाकघरात तो रुळायला आणखी कितीतरी वर्षे गेली. तेव्हा डागावर बर्फ ठेवण्याची युक्ती आपल्याकडे फार तर दोन-तीन पिढ्यांची आहे.

ती चालते कशी? बर्फ मेण विरघळवत नाही. तो मेणाला ठिसूळ करतो. कापडाचा धागा वाकतो, मेण वाकत नाही, म्हणून त्याचे तुकडे पडतात. च्युइंगगमही थंडीने कडक होते. रक्ताच्या डागाला थंड पाणी वापरतात त्याचे कारण वेगळे. गरम पाण्याने रक्तातली प्रथिने अंड्यासारखी घट्ट होऊन धाग्यात बसतात. उलट तुपाच्या भांड्याला बर्फ लावला तर तूप आणखी थिजेल. तिथे गरम पाणी आणि साबणच हवा. म्हणजे बर्फ हा 'स्वच्छ करणारा' पदार्थ नव्हे. तो डागाची अवस्था बदलतो. ती आपल्या सोयीची आहे की नाही, हे आपण ओळखायचे.

आणि बर्फ स्वतः स्वच्छ असतो का? लादी नीट पाहा. कडेला ती काचेसारखी असते, मधोमध पांढुरकी. पाणी गोठताना स्फटिकात क्षार आणि हवा यांना जागा नसते. ती आत ढकलली जातात आणि शेवटी गोठणाऱ्या गाभ्यात अडकतात. त्यामुळे बर्फ म्हणजे शुद्ध पाणी असा समज होतो. पण गोठल्याने सगळे जंतू मरत नाहीत. पुष्कळसे नुसते थांबून राहतात. मासळीसाठी केलेला बर्फ सरबतात किंवा गोळ्यात गेला तर पोटाचे आजार होऊ शकतात. म्हणूनच २०१८ मध्ये महाराष्ट्रात खाण्यासाठी नसलेल्या बर्फात निळा रंग घालणे सक्तीचे झाले. बंदराजवळच्या शाळेतल्या मुलांना हा निळा रंग काय सांगतो, ते जरूर शिकवावे.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. जुन्या कापडाच्या चार तुकड्यांवर मेण, च्युइंगगम, तूप आणि फणसाचा चीक लावा. आधी मुलांना अंदाज लिहायला सांगा, मग प्रत्येकावर बर्फ, गरम पाणी आणि खोबरेल तेल वापरून पाहा. कोणता डाग कशाला दाद देतो याचा तक्ता मुलेच करतील. त्यात आजीचे खोबरेल कुठे जिंकते आणि फ्रिजमधला बर्फ कुठे, हेही त्यांना दिसेल.