धुऱ्यावरून परसात : वऱ्हाडच्या काही दुर्लक्षित भाज्यांविषयी

वऱ्हाडचा इतिहास लिहू पाहणाऱ्याच्या हाती सर्वांत आधी लागतो तो कापूस. आल्फ्रेड लायल यांनी 1870 साली संपादित केलेले ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’चे, म्हणजेच वऱ्हाडचे, गॅझेटियर घ्या; नाही तर 1910 चे अकोला जिल्ह्याचे आणि 1911 चे अमरावती जिल्ह्याचे गॅझेटियर घ्या. कापूस, ज्वारी, गहू, तूर, जवस ही पिके तेथे व्यवस्थित मांडलेली सापडतात. लायल स्वतः कवी होते, आणि त्यांची दृष्टी रूक्ष म्हणता येणार नाही. तथापि ज्या वनस्पतीवर शेतसारा बसत नाही ती महसुली दप्तरात कशाला येईल? धुऱ्यावर आपसूक उगवणारा तरोटा, निंदणाऱ्या बायांच्या ओट्यात जमा होणारी घोळ आणि केना, कुंपणावर चढलेले वाघाट्याचे वेल यांच्यावर सारा नव्हता, म्हणून त्यांना इतिहासही नाही. आम्हांला येथे त्यांच्याविषयीच थोडे लिहायचे आहे, कारण गेल्या दोन-तीन दशकांत या वनस्पती शेतातून निघून घरामागच्या परसात येत आहेत, आणि या स्थलांतराची नोंद कोणी ठेवल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पार्श्वभूमी सर्वांना ठाऊक आहे. 1853 च्या तहाने निजामाचा वऱ्हाड इंग्रजांकडे आला. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध चालले आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना काळ्या मातीतला कापूस हवासा झाला. 1867 पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोहोचली. पुढे 1896-97 आणि 1899-1900 असे दोन भीषण दुष्काळ पडले. कापसाने धान्याची जमीन किती खाल्ली याविषयी अभ्यासकांनी पुष्कळ लिहिले आहे. लक्ष्मण सत्या यांचे ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ हे 1997 चे पुस्तक या विषयाच्या विद्यार्थ्याने वाचलेच पाहिजे. परंतु धान्याबरोबर धुरा, पडीक आणि गायरानही आक्रसले, हा मुद्दा आम्हांला तितकाच महत्त्वाचा वाटतो. गंमत अशी की या पालेभाज्यांचे नाव सरकारी कागदात येते ते ‘दुष्काळी अन्न’ म्हणून. मुंबई इलाख्यापुरती अशा वनस्पतींची एक टिपणवजा यादी जी. ए. गॅमी यांनी 1902 च्या सुमारास केली होती. घरोघरी आषाढ-श्रावणात हौसेने खाल्ला जाणारा पाला यादीत शिरताच उपासमारीची खूण ठरतो. गरिबाचे रोजचे जेवण हे साहेबाच्या लेखी संकट होते. आणि खरे सांगायचे तर आपल्याही लेखी ते पुढे तसेच होऊन बसले.

साहित्याच्या अभ्यासकांनी येथे स्वतःकडे थोडे पाहावे. मोल्सवर्थच्या कोशात (दुसरी आवृत्ती 1857) काही वनस्पतींपुढे लॅटिन नाव आढळते, तर कित्येकांपुढे ‘एक वनस्पती’ एवढ्यावर भागवलेले असते. दीडशे वर्षांनंतर आपल्या बोलीतील कादंबऱ्यांच्या शेवटी छापलेल्या शब्दसूच्यांची तऱ्हा फारशी वेगळी नाही. वऱ्हाडी शब्द आला की समोर ‘एक रानभाजी’. वस्तुतः पश्चिम महाराष्ट्राचा टाकळा तो वऱ्हाडचा तरोटा, तिकडचा हादगा तो इकडचा हेटा, तिकडची करटोली ती इकडची काटवले. चिवळ मात्र खास वैदर्भीय उन्हाळ्याची. घोळीची ही बारीक पानांची धाकटी बहीण वैशाखात बाजारात दिसू लागते. अंबाडीच्या भाजीत ज्वारीच्या कण्या घालतात, हे एक वाक्य ज्वारी आणि अंबाडी एकाच शेतात का असत हे जेवढे सांगते, तेवढे पिकांचे तक्ते सांगत नाहीत. वर्गात ‘धग’ किंवा ‘पूर्णामायची लेकरं’ शिकवताना पानावरच्या पाल्याला नाव द्यावे, एवढी आमची शिक्षकमित्रांकडे विनंती आहे.

दप्तराने जे टिपले नाही ते काही अंशी पंचांगाने टिपले. पोळा झाला की पाचव्या दिवशी ऋषिपंचमी येते. या दिवशी बैलाच्या कष्टाचे काही खायचे नाही, असा व्रत करणाऱ्या स्त्रियांचा दंडक. मग नांगरटीचे धान्य वर्ज्य आणि हाताने खुरपून लावलेले अथवा आपोआप उगवलेले तेवढे ग्राह्य. व्रताच्या धार्मिक अर्थाविषयी, विशेषतः त्यात गोवलेल्या विटाळाच्या कल्पनेविषयी, आमचे मत अनुकूल नाही; परंतु या नियमाने परसबागेला पिकाच्या शेताहून वेगळा दर्जा दिला, हे नाकारता येत नाही. आषाढी एकादशीनंतर द्वादशीला पारण्यासाठी वाघाटी शोधली जातात, तीही अशीच. वर्षातून एकदा का होईना, कोणाला तरी ती वेल कुठे आहे हे आठवावे लागते.

परसातल्या वनस्पतीचे शेतीत रूपांतर झाल्याचे उदाहरणही वऱ्हाडातच आहे. अंजनगाव सुर्जी हे नाव आपण शाळेत 30 डिसेंबर 1803 च्या शिंदे-इंग्रज तहासाठी पाठ केलेले असते. त्या गावाची दुसरी ओळख पानमळ्यांची. अंजनगाव आणि अकोट या पट्ट्यात बारी समाजाच्या लोकांनी नागवेलीबरोबर पानपिंपळीही जोपासली. दोन्ही एकाच कुळातल्या, दोघींना सावली आणि ओल हवी. पानमळ्यात शेवरी, पांगारा, शेवगा, हेटा अशी झाडे आधाराला नि सावलीला लावायची रीत आहे. म्हणजे हेट्याच्या फुलांची आणि शेवग्याच्या शेंगांची भाजी हे मळ्याचे उपउत्पन्न. पिंपळीची कच्ची कणसे तोडून वाळवतात, मुळे पिंपळमूळ म्हणून विकली जातात. सुंठ, मिरे, पिंपळी हे त्रिकटु कोणत्याही वैद्याला विचारा. संस्कृत ‘पिप्पली’ ग्रीकांत ‘पेपेरी’ झाली आणि तिचे नाव पुढे मिऱ्यालाच चिकटले. प्लिनीच्या काळी रोममध्ये लांब पिंपळी पौंडाला 15 दिनार आणि काळे मिरे 4 दिनार असा भाव होता. सोळाव्या शतकानंतर मिरची आली आणि पिंपळी स्वयंपाकघरातून औषधाच्या डब्यात गेली. चिखलदऱ्याला कॉफी लावणाऱ्या इंग्रजांचे कौतुक पर्यटनाच्या प्रत्येक पुस्तिकेत असते; सातपुड्याच्या पायथ्याशी 45 अंशांच्या उन्हाळ्यात दमट प्रदेशातली वेल जगवणाऱ्या बाऱ्यांचे नसते, याचा आम्हांला थोडा रागच आहे.

आता अलीकडचे. 2002 साली बीटी कापसाला परवानगी मिळाली. मजुरी वाढत गेली, सोयाबीनही पसरलेच होते, आणि निंदणाची जागा तणनाशकाने घेऊ लागली. निंदण हे बायांचे काम होते तसे ते त्यांचे भाजी खुडणेही होते. फवारणी झालेल्या शेतातली घोळ आता जाणती बाई घरी नेत नाही. मग तीच घोळ, चिवळ, अंबाडी परसात मोरीच्या पाण्यावर, अळवाच्या शेजारी येते. काटवलाला हे स्थलांतर अवघड जाते. त्याचे बी सहजी रुजत नाही, कंद लावावा लागतो. शिवाय नर आणि मादी वेल वेगळे. आमच्यापैकी एकाने तीन वर्षे मोठ्या निगुतीने एकच वेल वाढवली, फुले पाहून आनंद मानला, आणि चौथ्या वर्षी कळले की ती नर होती.

भूछत्राची गोष्ट याहून निराळी. मनुस्मृतीने छत्राक द्विजांना वर्ज्य ठरवले, कांदा-लसणाच्याच पंक्तीत. सुश्रुताने मात्र शांतपणे त्यांची विभागणी उगवण्याच्या जागेवरून केली: काडावरची, उसावरची, शेणातली, बांबूवरची, जमिनीतली, आणि काडावरची गोड म्हटली. पावसाळ्यात वारुळावर उगवणारी, पूर्व विदर्भात सात्या म्हणून ओळखली जाणारी अळंबी परसात लावता येत नाही. ती वाळवीच्या सोबतीने जगते, वाळवीच तिची माळीण. लावता येते ती धिंगरी. अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ 1969 मध्ये स्थापन झाले. धिंगरीची लागवड भारतात त्याआधीच, 1962 साली, म्हैसूरच्या केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेत यशस्वी झाली होती. आज वऱ्हाडात ती सोयाबीनच्या कुटारावर किंवा गव्हांड्यावर घेतात. कुटार भिजवायचे, गरम पाण्यातून काढायचे, निथळून प्लास्टिकच्या पिशवीत थरावर थर बियाणे घालून अंधारात ठेवायचे. दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या तंतूंनी पिशवी भरते, मग ती फाडून नुसते पाणी शिंपडत राहायचे. दिवाळीपासून माघापर्यंत हे जमते, पुढे ऊन जमू देत नाही. सुश्रुताचे काड आणि अकोल्याचे कुटार यांत फार अंतर नाही. गुरांसाठी राखलेल्या किंवा पेटवून दिलेल्या कुटाराच्या ढिगातून भाजी निघते, हे आजही पुष्कळांना खरे वाटत नाही.

या भाजीला वऱ्हाडीत अजून नाव नाही. पिशव्या टांगणाऱ्या बाया ‘मशरूम’ म्हणतात, विद्यापीठाच्या पुस्तिका ‘अळिंबी’, आणि घरातली म्हातारी माणसे पानाकडे पाहून विचारतात, हे कुत्र्याचं छत्र तर नव्हे ना?