आईकडची वंशावळ

पंचवटीत राहणाऱ्या माणसाला वंशावळीचे नवल उरत नाही. रामकुंडावर क्रियाकर्मासाठी आलेला यात्रेकरू गाव आणि आडनाव सांगतो, तीर्थोपाध्याय बासनातली वही सोडतात आणि त्याचे पणजोबा येथे कधी येऊन गेले ते वाचून दाखवतात. गेल्या दिवाळीला मुंबईहून आलेल्या माझ्या भाचीने मला अशाच वह्यांची हकीकत सांगितली. फरक एवढाच, की त्या वह्या उंदरांच्या होत्या! भाची कर्करोगाच्या पेशींवर पीएच. डी.साठी संशोधन करते. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेली शिक्षिका. मला जेवढे उमगले तेवढे वाचकांपुढे ठेवते.

हकीकत कमल रणदिवे यांची. माहेरच्या त्या समर्थ. जन्म पुण्याचा, ८ नोव्हेंबर १९१७चा. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्राचे प्राध्यापक. मुलीने डॉक्टर व्हावे आणि नवराही डॉक्टरच करावा, ही त्यांची इच्छा. मुलीने दोन्ही मानल्या नाहीत. १९३९ साली तिने एका गणितज्ञाशी लग्न केले आणि १९४३ साली सीताफळाच्या कुळातील वनस्पतींवर अभ्यास करून एम. एस्सी. मिळवली. पुढे मुंबईत, परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात, डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या हाताखाली ही वनस्पतींची विद्यार्थिनी उंदरांकडे वळली.

आता उंदीरच का? माणसाच्या चार पिढ्या पाहायच्या तर शंभर वर्षे हवीत; उंदरीण तीन आठवड्यांत विते. सख्ख्या भावंडांच्याच जोड्या लावीत वीस पिढ्या काढल्या, की जुळ्यांसारखे एकसारखे उंदीर मिळतात. मात्र कोणते पिलू कोणाचे, याची नोंद एकदाही चुकून चालत नाही. अशा काही वंशांत बहुतेक माद्यांना स्तनांचा कर्करोग होई, काहींत क्वचितच. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेने १९३३ साली अशा वंशांचे उलटसुलट संकर प्रसिद्ध केले. आई रोगी वंशातली आणि बाप निरोगी, तर लेकींना रोग होई. बाप रोगी वंशातला आणि आई निरोगी, तर बहुतेक लेकी सुटत. बीज दोन्हीकडचे सारखेच. मग आईकडून जास्तीचे काय येत होते? १९३६ साली जॉन बिटनर यांनी नुकती जन्मलेली पिले उचलून निरोगी वंशातल्या दाईच्या कुशीत घातली, आणि रोग पुष्कळच कमी झाला. ते जास्तीचे काहीतरी दुधातून येत होते. तो एक विषाणू होता, हे पुढे सिद्ध झाले.

मुंबईत कमलताईंनी निरनिराळ्या वंशांच्या माद्यांच्या निरोगी स्तनग्रंथी तपासल्या. गाठ उठण्यापूर्वीच घडणीत काही फरक असतो काय, हा त्यांचा प्रश्न. १९४९ साली त्यांना मुंबई विद्यापीठाची पीएच. डी. मिळाली. नंतर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्याकडे शरीराबाहेर, काचेच्या नळीत पेशी वाढवण्याची विद्या शिकून त्या परत आल्या आणि मुंबईत भारतातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. १९८२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. २००१ साली त्या गेल्या.

हे सारे सांगून झाल्यावर भाचीने विचारले, "मावशी, आजीची आई कशानं गेली गं?"

मला उत्तर देता येईना. माझी आई स्तनाच्याच कर्करोगाने गेली. गाठ तिच्या हाताला वर्षभर आधी लागली होती. लाजेपायी आम्हा मुलींनाही ती बोलली नाही. तेराव्याला एक म्हातारी ओसरीवर बसून म्हणाली होती, "दुधातूनच येतं हे. पोरींनाही यायचं." माझी लेक तेव्हा अंगावर पीत होती. पुढे कितीतरी दिवस तिला पाजताना माझ्या पोटात गोळा उठे.

भाचीने ते ओझे उतरवले. उंदरांचे दूध उंदरांपाशी; माणसात आईच्या दुधातून लेकराला असा रोग गेल्याचे आढळलेले नाही. उलट पाजण्याने आईलाच थोडे संरक्षण मिळते. मात्र काही घराण्यांत एक बिघडलेले जनुक चालत येते. त्यातले एक महत्त्वाचे जनुक १९९४ साली हाती लागले, आणि ते आईकडून तसे बापाकडूनही येऊ शकते. म्हणून घराण्यात कोणाला काय झाले होते, हे ठाऊक असावे.

आईच्या माहेरचे उपाध्याय पंचवटीतलेच. आम्ही दोघी गेलो. वहीत आजोबा होते, पणजोबा होते, त्यांचे भाऊ होते. आजी एका ओळीत होती, आजोबांची भार्या म्हणून. तिची आई त्या वहीत असण्याचे कारणच नव्हते. उपाध्याय म्हणाले, "बाई, इथं नाव असतं, तिथी असते. दुखणं कोण लिहितं?"

घरी येऊन भाचीने शाळेची शंभरपानी वही उघडली. पहिल्या ओळीत मी आईचे नाव लिहिले, वय लिहिले आणि रोगाचे नाव लिहिताना क्षणभर थांबले, पण लिहिले. भाऊबीजेला थकलेल्या मोठ्या मामींना विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "तुझ्या आजीच्या आईला ना? छातीवर गळू झालं होतं म्हणायचे. बायकांत बोलायचे, तेही हळूच."

भाचीने तेही लिहून घेतले.